दोरा नसलेलं स्टूल

३ मार्च, सकाळी

काय गं बाई, काल काय ठरवलं होतंस ते आठवतंय का? नाही ना? वाटलंच. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी तू, तुला कालचं काय आठवणार. म्हणून तर हे लिहून ठेवायचं.

लिहायचं म्हणजे मी बोलायचं आणि फोनने लिहायचं. मला अक्षर येत नाही आणि त्याला अक्कल नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं. संध्याकाळी बटण दाबलं की माझंच मला वाचून दाखवतो, पोस्टातला कारकून बोलावा तशा आवाजात. दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. बोलणारी मी, ऐकणारी मी, विसरणारीही मीच.

तर ठरलं ते असं. २९ तारखेला घर बदलायचं. नवं घर एका खोलीने लहान, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगा जन्मभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करत आला आणि स्वतःला घर घेतलं ते बिनलिफ्टचं. असो. लहान घरात सामान मावलं पाहिजे, त्याची जबाबदारी माझी. कुणी दिली नाही, मी घेतली.

माझी खाट तिथे कुठे लागणार हे अजून कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? मला अजिबात काळजी नाही. दुपारी डोळा लागला नाही तो चहामुळे.

४ मार्च

सूनबाईच्या कामाची चौकशी केली. ती घरूनच नोकरी करते, जेवणाच्या टेबलावर. दवाखान्यांचे एक्स-रे, रिपोर्ट सांभाळून ठेवणारी कंपनी आहे. सगळं लांब कुठेतरी एका भल्यामोठ्या डिस्कवर असतं. डिस्क भरत आली की हिचं कपाळ दुखतं.

मी विचारलं, एवढं सगळं मावतं कसं? म्हणाली, आई, सारखं असेल ते एकदाच ठेवतो. एकच रिपोर्ट चार डॉक्टर चार ठिकाणी ठेवतात. मग डिस्क काय करते, प्रत्येक फाइलचे बारीक तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा घेते, अंगठ्याचा घेतात तसा. तोच ठसा आधी येऊन गेलेला असेल तर तुकडा दुसऱ्यांदा ठेवतच नाही. नुसती चिठ्ठी लावते, की तो अमक्या ठिकाणी आहे, तोच वापरा. आणि त्या तुकड्याच्या नावावर आकडा असतो, किती जणांनी त्याला धरून ठेवलंय त्याचा. एकाने आपली फाइल पुसली की आकडा एकाने उतरतो. शून्यावर आला की तुकडा बेवारशी. मग जागा मोकळी करायची.

म्हणजे एवढी शिकलेली मशीन, आणि कारभार सगळा अंगठ्यावर. मी पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचे तर लोक अंगठेबहाद्दर म्हणून हसायचे.

५ मार्च

योजना तयार आहे. घरातही तेच करायचं. सारखं ते एकच ठेवायचं, आणि ज्याला ज्याला लागतं त्याचा त्याचा दोरा त्याला बांधायचा. मुलाचा पांढरा, सूनबाईचा निळा, नातीचा लाल. दोरे संपले की वस्तू बाहेर.

मला हे नवीन नाही. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चौतीस वर्षं चादरी मोजल्या. बाळंतिणींच्या वॉर्डला कोपऱ्यात दोन लाल टाके, हाडांच्या वॉर्डला एक काळा, लहान मुलांना पिवळी गाठ. साहेब वही घेऊन यायचा, वहीत चूक निघायची, माझ्या दोऱ्यात नाही. चौतीस वर्षांत एक चादर हरवली नाही.

माझा दोरा कुठला हे नातीने विचारलं. म्हटलं, मला कशाचीच गरज लागत नाही. मी मोजणारी.

७ मार्च

उद्घाटन. कात्र्या पाच निघाल्या, चार काढल्या. गाळण्या तीन, बॅटऱ्या चार, छत्र्या सहा, पैकी दोन कुणाच्या ते कुणालाच माहीत नाही. चमचे अकरा. तिघांना तीन ठेवले. मी हाताने खाते, मला चमचा लागत नाही. बाकी सगळं पोत्यात भरलं आणि भंगारवाल्याला हाक मारली. तो म्हणाला, आजी, घर सोडताय की जग? मी म्हटलं, तू पोतं उचल.

सूनबाई मीटिंगमध्ये होती, तिला त्रास दिला नाही. खोकी बंद करायला आता एकच कात्री, तिला तीन दोरे. बघायला किती सुबक.

८ मार्च

कात्री सापडत नाही.

८ मार्च, दुपारी

अजून नाही. मुलाने चिकटपट्टी दाताने तोडली. नातीने दुधाची पिशवी पेनाने फोडली, पेन गेलं आणि दूधही गेलं. सूनबाई शांतपणे म्हणाली, आई, हाच तर धोका असतो. एकच तुकडा ठेवला आणि तो खराब झाला तर त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे एकदम बुडतात. म्हणून आम्ही त्या सगळ्याची आणखी एक प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवतो.

मी म्हटलं, चाराची एक करायची आणि मग एकीच्या दोन, मग तुम्हाला पगार कशाचा देतात? ती हसली नाही. हल्ली हसत नाही फारशी.

८ मार्च, संध्याकाळी

कात्री मिळाली. एका खोक्यात. खोकं चिकटपट्टीने बंद होतं. बंद मीच केलं होतं. हे कुणाला सांगायची गरज नाही. पुन्हा हरवू नये म्हणून कात्रीच्या मुठीत पिवळी गाठ मारून तिला परत टेबलावर ठेवलं आणि कामाला लागले.

११ मार्च

सहज एक करून पाहिलं. गंमत म्हणून. स्वतःच्या डाव्या मनगटाला दोरे बांधले, कुणाकुणाला मी लागते ते मोजायला.

लाल, नातीचा. तिची वेणी मी घालते. कमरेपर्यंत केस, तिला एकटीला आवरत नाहीत. पांढरा, मुलाचा. कामावर जाताना त्याला किल्ल्या, मोजे, पाकीट मीच शोधून देते. निळा, सूनबाईचा. ती मीटिंगमध्ये असली की बेल वाजल्यावर दार मीच उघडते.

तीन दोरे. कात्रीइतके. छान वाटलं. एका चादरीवर तीन वॉर्डांचे टाके असते तर साहेबाला घाम फुटला असता. तशी चौतीस वर्षांत एकच हरवली होती, पण ती चोरीला गेली होती, हरवली नव्हती.

१३ मार्च

नात केस कापून आली. कानाच्या वर. मानेवरून वारा जातो म्हणे, फार छान वाटतं. सगळ्यांनी छान म्हटलं, मीही म्हटलं. मुलगी पोपटासारखी मान हलवत होती.

लाल दोरा काढला नाही. केस वाढतातच. महिन्याला अर्धं बोट. कमरेपर्यंत यायला किती दिवस लागतील ते फोनला विचारलं, त्याने उत्तर दिलं, मी ते लिहू दिलं नाही.

१५ मार्च

मुलाने दाराशी फळी ठोकली, नव्या घरात नेता येईल अशी. तिला खिळे. किल्ली इथे, पाकीट इथे. दोन दिवस झाले, तो मला हाक न मारता कामावर जातो. नव्याचे नऊ दिवस. पांढरा दोरा तसाच ठेवला.

सूनबाईची पार्सलं आता खाली पहारेकरी घेतो. बेल वाजत नाही. पण कधीतरी वाजेल. निळा पक्का.

१७ मार्च

टेबलावर मोठं प्रकरण चाललंय. सूनबाईची डिस्क चौऱ्याण्णव टक्के भरली. शंभरला टेकली की दवाखान्यांचे नवे एक्स-रे आत येणार नाहीत. तिने साहेबाला विचारून ढीगभर जुन्या फाइली पुसल्या. तरी आकडा चौऱ्याण्णवच. साहेब फोनवर ओरडत होता, पुसलं तर जागा गेली कुठे?

फोन ठेवल्यावर मीही तेच विचारलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मग मला समजावलं. ओरडणाऱ्या साहेबापेक्षा मी बरी वाटले असणार. म्हणाली, आई, फाइल पुसली म्हणजे तिच्या चिठ्ठ्या गेल्या. तुकडे जात नाहीत. बरेचसे तुकडे दुसऱ्या कुणीतरी धरलेले असतात, ते राहणारच. ज्यांचा आकडा शून्य होतो तेही आम्ही लगेच फेकत नाही. शनिवारी सफाई चालते. ती सगळ्या याद्या पहिल्यापासून फिरून बघते, की या तुकड्याकडे खरंच कुणी बोट दाखवत नाही ना. आकड्यावर एकट्यावर विश्वास नाही ठेवायचा, आकडा चुकतो. सगळ्या याद्या पाहून झाल्या, वर काही दिवस थांबून झालं, की मग जागा परत.

मी म्हटलं, हा आळस झाला. शून्य म्हणजे शून्य. ती म्हणाली, एक यादी बघायची राहिली आणि जिवंत तुकडा फेकला गेला तर तो परत येत नाही. कुणाच्यातरी आईचा एक्स-रे असतो तो. आम्हाला भीती असते ती एवढीच.

तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. चहा करून दिला. ढवळायला चमचा मिळाला नाही, तिन्ही धुवायला पडले होते.

१८ मार्च

आज उरलेलं उरकलं. बाथरूममधलं बुटकं लाकडी स्टूल. हे आमच्या म्हाताऱ्याचं. तो गेला त्याला चार वर्षं झाली, त्याचा दोरा केव्हाच सुटला. मुलाला विचारलं, स्टूल वापरतोस? नाही. सूनबाईला विचारलं, तिच्या कानात मीटिंगची मशीन होती, तिने मान हलवली. नातीला विचारलं, ती म्हणाली, कुठलं स्टूल? म्हणजे शून्य. सगळ्यांना विचारून झालं.

माझं म्हणाल तर मी अंघोळीला कधीमधी टेकते. रोज म्हणा. पण टेकणं म्हणजे वापरणं नव्हे.

शनिवारची वाट बघितली नाही. भंगारवाला खालीच होता.

१९ मार्च

अंघोळ उभ्याने केली. नळ धरला. जमतं.

२० मार्च

जमतं. पाय जरा थरथरतात, पण ते पाणी गार असल्यामुळे.

२१ मार्च, दुपारी

माझी लेक आली होती, पॅकिंगला मदत करायला. मदत म्हणजे बोलणं. तिला चहा दिला तर चमचा नाही. सुरीच्या मुठीने साखर ढवळली आणि म्हणाली, या घरात लुटारू येऊन गेले का?

मग सूनबाईला आत नेलं. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं, त्यामुळे मी ऐकलं असं म्हणता येणार नाही, ते आपोआप आलं. लेक म्हणाली, आईचं अंथरूण मी कधीपासून घालून ठेवू? सूनबाई म्हणाली, सत्तावीसपासून.

कधीपर्यंत, ते कुणी बोललं नाही.

लेकीचं घर तळमजल्याला आहे. जावई चांगला आहे, फक्त सूप पिताना गल्लीत ऐकू जातं. दोन टीव्ही आहेत आणि दोन्ही चालू असतात. वाईट काही नाही.

मनगटाचे दोरे मोजले. तीन. म्हणजे काळजीचं कारण नाही. पुन्हा मोजले.

सूनबाई आज सफाई चालू करून बसली आहे, मशीन मध्ये थांबवायची नसते म्हणे. तिला विचारणार होते. मध्ये बोललं तर तिचं बिघडेल म्हणून राहू दिलं. उद्या अंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून विचारीन. माणसाने असलं काही विचारायचं तर टापटिपीत विचारावं.

२४ मार्च

दोन दिवस लिहिलं नाही. कारण घडलं ते असं.

नळ सुटला. म्हणजे नळ जागेवरच होता, हात सुटला. खुबा मोडला. काल ऑपरेशन झालं, आत लोखंड घातलंय. मुलगा दार तोडून आत आला. कशी होते ते लिहू देत नाही.

ऑपरेशनला नेताना नर्सबाईने मनगटावरचे तिन्ही दोरे एका कात्रीत कापले. आत काही चालत नाही म्हणे. विचारलंसुद्धा नाही की हे कुणाकुणाचे. त्या जागी कागदी पट्टी लावली, तिच्यावर बारीक काळ्या रेघा आहेत. मशीन ती वाचते. मला येत नाही.

२५ मार्च

हे माझंच हॉस्पिटल. चौतीस वर्षं ज्याच्या चादरी धुतल्या ते. धुलाई आता बाहेर जाते. अंगाखालच्या चादरीचा कोपरा चाचपून पाहिला. टाका नाही, एक कडक पट्टी शिवलेली. हाडांचा वॉर्ड, काळा टाका हवा होता.

तीन चादरी हरवल्या होत्या. खरं सांगायचं तर. तिन्हींचे टाके मी उसवले होते, जुनाट झाल्या, कुणाला लागत नाहीत असं ठरवून. दुसऱ्या दिवशी हाडांच्या वॉर्डात तीन खाटा उघड्या. कुणाला कळलं नाही. मला कळलं होतं.

२६ मार्च, सकाळी

उभं केलं. चालायची लोखंडी चौकट धरून चार पावलं. डॉक्टर म्हणाला जिना सहा महिने विसरा. मी विचारलं, तिसरा मजला? तो म्हणाला, आजी, पहिलासुद्धा.

काल संध्याकाळी मुलगा आला. स्टूल आणायला भंगारवाल्याकडे जाऊन आला होता. भंगारवाला त्याच्यावर बसूनच वजन करतो आता. म्हणाला, दिवसभर बसतो साहेब, हे नाही देणार, दुसरं काहीही न्या. बरोबर आहे त्याचं.

नात रोज येते. वेणी नाही तरी येते. काल पलंगाशी खाली बसून डोकं माझ्या हाताखाली सरकवलं आणि मोबाईल बघत बसली. केस काट्यासारखे लागतात.

२९ मार्च, दुपारी

आज घर हललं. मी नव्हते. माझ्याशिवाय सगळं हललं, एक कप फुटला नाही.

सूनबाई सामान टाकून थेट इथे आली, मागोमाग मुलगा. हाताला चिकटपट्टी चिकटलेली तशीच. डिस्क एकाहत्तरवर आली म्हणाली. शनिवारच्या सफाईत बरंच निघालं. साहेब आता मेल करून शाबासकी देतोय. तिची जागा परत मिळाली, बरं वाटलं.

मग मी विचारलं. लुगडं नव्हतं, हॉस्पिटलचा झगा होता, केस विस्कटलेले, पण विचारलं. माझी खाट नव्या घरात कुठे होती?

तिने पिशवीतून कागद काढला, घराचा नकाशा. मला वाचता येत नाही म्हणून बोट धरून फिरवलं. ही खिडकी. ही तुमची खाट. हे बाथरूम, इथे भिंतीत घडीचं आसन बसवलंय, बसायचं, उठलं की भिंतीला. फेब्रुवारीतच सुताराला सांगून ठेवलं होतं. लेकीकडे चार दिवसच जायचं होतं, सामानाच्या धुळीत तुम्हाला खोकला येतो म्हणून. आणि तुमच्या मुलाने इमारतीतल्या सगळ्यांच्या मागे लागून लिफ्ट मंजूर करून घेतलीय. सप्टेंबरमध्ये बसेल. तोवर जिना तुम्ही सावकाश चढला असता.

असता, म्हणाली.

मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, आई, त्यात सांगायचं काय होतं?

तर आता सप्टेंबरपर्यंत लेकीकडे. दोन टीव्ही. खाटेच्या जागेवर तोवर कपडे वाळत घालायची घोडी ठेवतील, असं मुलगा म्हणाला. सूनबाई म्हणाली, काही ठेवायचं नाही, जागा मोकळी ठेवायची. त्यावर दोघांची जुंपली. मी डोळे मिटून पडले. भांडण चांगलं झालं.

सगळ्यांना विचारलं होतं मी. मुलाला, सुनेला, नातीला. यादी एकच राहिली.

जाताना सूनबाईने डबा उघडला. मऊ भात होता. उजव्या हाताला सुई टोचलेली, डाव्याने मला साधत नाही. चमचा नाही. घरात तीनच, आणि ते कुठल्या खोक्यात ते कुणाला माहीत नाही, खोक्यांना चिठ्ठ्या मी लावू दिल्या नव्हत्या. तिने डब्याच्या झाकणाने भरवलं. अर्धा सांडला. ती भुकेली होती सकाळपासून, झाकणाला लागलेलं तिने बोटाने खाल्लं, मी बघत नाही असं समजून.

आजचं हे एवढंच नातीला सूनबाईच्या फोनवर पाठवायला सांगितलंय. आधीचं नाही.

तर सूनबाई, उद्याचं ऐक. भात मऊच पाठव, आजच्यापेक्षा थोडा पातळ. वर उकडलेला बटाटा कुस्करून घाल, मिरी जरा जास्त, मीठ कमी म्हणतोय डॉक्टर पण तू चाखून बघ. सूप नको, ते सप्टेंबरपर्यंत पुष्कळ ऐकायचंय. भात दोघींना पुरेल एवढा टाक आणि चमचे दोन पाठव.